स्पॅनिश ऐकलेली बाहुली

मी एक जुनी कापडी बाहुली आहे. १९५३ साली, विलेपार्ल्यातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात वनमालाबाईंनी मला शिवलं. अंग जुन्या धोतराचं, पोटात कापूस, डोळ्यांच्या जागी शर्टाची बटणं आणि डोक्यावर काळ्या लोकरीचे लांब केस. त्यांची आठ वर्षांची मुलगी क्षमा तेव्हा मोठ्या तापातून उठली होती. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. तिला सोबत म्हणून मी आले.

मित्रांनो, त्या घरात माझं फार कौतुक झालं. वनमालाबाई क्षमाला आंघोळ घालत, भरवत, तिची वेणी घालत आणि तिच्या हट्टाखातर माझेही केस विंचरत. आम्हा दोघींना सारखंच वागवलं जाई. मला ते आवडायचं. क्षमाला आवडतं का, हे कोणी विचारलं नव्हतं.

तिचे वडील नंदकिशोर जहाज कंपनीत कारकून होते. अर्जेंटिनाहून येणारी पत्रं वाचायला साहेबांना माणूस हवा होता, म्हणून ते दर रविवारी अंधेरीला एका स्पॅनिश फादरांकडे शिकायला जात. बाकी सगळं जमलं, पण इवलासा ‘मे’ त्यांच्या तोंडून निसटे. ‘लेबान्तो’ म्हणजे मी उठवतो, आणि ‘मे लेबान्तो’ म्हणजे मी उठतो. नंदकिशोर ‘मे’ विसरून पहाटे उठण्याबद्दल सांगू लागले, की फादर शांतपणे मराठीत विचारत, “कोणाला उठवता?”

मग घरी माझ्यावर सराव सुरू झाला. माझ्या केसांतून कंगवा फिरवत ते म्हणत, ‘पेइनो आ ला मुन्येका’, मी बाहुलीचे केस विंचरतो. तोच कंगवा आपल्या डोक्यावरून फिरवत म्हणत, ‘मे पेइनो’, मी माझे केस विंचरतो. क्षमाला ते समजावून सांगत, की करणारा आणि ज्याचं केलं तो एकच असला, तर हा छोटा शब्द हवा. मी माझं केलं तर ‘मे’, तू तुझं केलंस तर ‘ते’, तिनं तिचं केलं तर ‘से’. क्षमा मला मांडीवर घेऊन ऐकत राही.

जूनमध्ये शाळेतून निरोप आला. क्षमाला वर्गात घेऊ, पण तिला स्वतःचं स्वतः आवरता आलं पाहिजे. वनमालाबाई म्हणाल्या, राहू दे, पुढच्या वर्षी बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारख्या कंगवा घेऊन बसल्या. क्षमानं मान बाजूला घेतली.

“मे पेइनो,” ती म्हणाली.

वनमालाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “अहो, काय म्हणतेय ही?”

नंदकिशोर दाढी करत होते. त्यांनी वस्तरा खाली ठेवला. “म्हणतेय, माझे केस मी विंचरते.”

“एका हातानं? तिला नाही जमायचं.”

“आई, तू नुसती थांब ना,” क्षमा म्हणाली.

वनमालाबाईंनी कंगवा दिला. तो तिच्या डाव्या हातातून पडला, पुन्हा पडला. क्षमानं तो कोणाला उचलू दिला नाही. बऱ्याच वेळानं भांग पडला, पण पार वाकडा. तो सरळ करायला पुढे झालेला हात वनमालाबाईंनी मागे घेतला आणि पदरात गुंडाळून धरला. त्याच वाकड्या भांगानं क्षमा त्या दिवशी शाळेत गेली.

पुढे ती डाव्या हातानं लिहू लागली, बटणं लावू लागली. नंदकिशोरांनाही पत्रांचं काम मिळालं. माझी गरज मात्र कमी होत गेली आणि एक दिवस मी ट्रंकेत गेले. तिथे माझी लोकर झुरळांनी कुरतडली. वाईट वाटलं, पण राग आला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी हळूहळू आपलं काम करत असेल, तर ते त्याच्या हातून काढून घेऊ नका. जरा थांबा. थांबणं हीसुद्धा मायाच असते. आम्हा बाहुल्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. आम्हाला स्वतःचं काहीच करता येत नाही. तेव्हा वर्षातून एकदा तरी ट्रंक उघडा आणि आम्हाला ऊन दाखवा.