‘आपण’ लिहिलेला फलक

मी एक जुना लाकडी फलक आहे, मित्रांनो. फुटबॉलच्या मैदानावर गोल सांगणारा. देश नवा होता, त्या वर्षी सुताराने मला जोडलं आणि एका रंगाऱ्याने माझ्या डाव्या अंगावर लिहिलं ‘आपण’, उजव्या अंगावर ‘पाहुणे’. पहिल्या स्पर्धेत लोकांनी मला डोळे भरून पाहिलं.

पुढे आपल्या संघात एक गोलरक्षक आला, लहानपणी नदीपलीकडून आलेला. चेंडूला आत जाऊच देत नसे, म्हणून सगळे त्याला ‘कुलूप’ म्हणत. “किल्ली घरी विसरलात का रे?” प्रेक्षक पाहुण्यांना चिडवत. रंगाऱ्याने तर त्याला जावईच करून घेतलं.

दर चार वर्षांनी स्पर्धा भरे. मधल्या काळात नदीच्या पाण्यावरून पलीकडच्यांशी भांडण पेटलं. त्या खेपेला अंतिम सामन्यात पलीकडचाच संघ समोर आला. ओल्या गवतावर कुलपाचा पाय घसरला आणि गोल झाला.

“मुद्दाम सोडला! तिकडचाच ना तो!”

ज्यांनी त्याला खांद्यावर नाचवलं होतं, त्यांनीच चिखल फेकला. मी तो गोल दाखवत उभा होतो. मला कुठे डोळे मिटता येतात?

पुढच्या स्पर्धेआधी फुटबॉल मंडळाचे कार्यवाह आले. रंगाऱ्याला म्हणाले, “‘आपण’ पुसा. ‘आम्ही’ लिहा.”

“साहेब, ‘आपण’ म्हटलं की ऐकणाराही आत येतो. ‘आम्ही’ म्हटलं की तो बाहेर राहतो.”

“म्हणूनच तर.” मग जरा हळू आवाजात, “जावयाची निवड व्हायचीय अजून. बघा बुवा.”

रंगारी शिडीवर चढला. खाली शिडी धरायला जावईच होता. ‘आ’ तसाच राहिला. ‘पण’ तेवढा पुसला गेला. म्हाताऱ्याच्या ओठांवरचा ‘पण’ही त्याच्याबरोबर गेला.

रंग ओला असतानाच जावयाने विचारलं, “मामा, यात मी येतो ना?”

“शिडी नीट धर,” म्हातारा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी यादी लागली. तिच्यात कुलूप नव्हतं.

सामन्याला तो तिकीट काढून आला. आता फाटकं दोन होती. एकावर ‘आम्ही’, दुसऱ्यावर ‘पाहुणे’. “दादा, लवकर ठरवा, मागे रांग खोळंबलीय,” दारवान म्हणाला. तो रांगेतून बाजूला झाला. पुन्हा कधी मैदानात दिसला नाही.

रंगारी अधूनमधून येतो, नखाने माझे पोपडे काढतो. खाली जुनी अक्षरं सापडत नाहीत.

मित्रांनो, मला ऊन-पावसापासून जपा, असं मी म्हणणार नाही. लाकूड आहे, कुजेन. पण कुणी तुमच्या हाती कुंचला दिलाच, तर आधी वाकून बघा, शिडी कोण धरून उभं आहे.