अर्ध्या तासाचा नेम

"रोज अर्धा तास चाला, मावशी. गोठ्यातल्या येरझाऱ्या त्यात धरायच्या नाहीत."

पारनेरच्या डॉक्टरांचं हे सांगणं पुष्पावतीच्या कानात बसलं होतं. चार गायींचं शेणपाणी, वैरण, धारा; दिवसाकाठी पायांना उसंत नाही, आणि वर आणखी चालायचं. पण साखर वाढली होती. मग देवीपुढं सुपारी ठेवून तिनं चालण्याचा नेमच धरला, सोमवार धरला होता तसा.

नेम म्हटला की चुकलेलं भरून काढणं आलंच. गाय अडली, वासराचं करण्यात तीन दिवस चालणं राहिलं. चौथा दिवस सोमवारचा, उपासाचा. संध्याकाळी दिवा लावल्याशिवाय ती तोंडात घास घालत नसे. साखरेची गोळी मात्र सकाळीच पाण्याबरोबर घेतली आणि चारही दिवसांचं एका दमात चालून काढायला निघाली. दीडेक तासानं शेजारच्या भामाबाईला ती रस्त्याकडेला सापडली, घामानं थबथबलेली, डोळ्यांपुढं अंधारी येऊन बसलेली.

भामाबाईनं कुणाच्या तरी घरून गूळ आणून तिच्या तोंडात घातला.

"उपास मोडला गं," पुष्पावती पुटपुटली.

"उपासच मोडला ना, हाडं तर न्हाई मोडली. गप चघळ."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर रागावले नाहीत. "राहिलं ते राहिलं, मावशी. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास पुष्कळ झाला. एकदम जमत नसेल तर जेवण झाल्यावर दहा-दहा मिनिटं. आणि या गोळीवर उपाशी राहायचं नाही, मग चालणं तर लांबच."

परतताना एसटीत तिनं सुनेला विचारलं, "नेमाचे असे तुकडे करत्यात का गं?"

स्नेहलनं त्या दिवसाची रजा टाकली होती. "देवीला चालतं का ते मला म्हाईत न्हाई, आत्या. तुमी परत अशा पडल्या तर मला अंगणवाडी सोडून घरी बसावं लागंल, तेवढं म्हाईत हाय."

ती नोकरी मिळवायला स्नेहलची तीन वर्षं गेली होती. शेवटी पुष्पावती म्हणाली, "खाऊन चालंन. दहाच मिनिटं. सोमवारी पन."

"देवीची शपथ?"

"शपथ कशाला. म्हनलं ना."

पुढच्या सोमवारी डेअरीला दूध घालून ती आली, तेव्हा कंबर धरली होती. स्नेहल कामावर गेलेली. घरात बघणारं कुणी नव्हतं. पुष्पावतीनं देवीला हात जोडले. मग चुलीपुढं बसून तिनं वाटीभर भगर खाल्ली. इतक्या वर्षांत सोमवारी सकाळी घास गिळायची ही पहिलीच वेळ. गोळी घेतली. जरा लवंडावं असं फार वाटलं.

तिनं वहाणा पायांत सरकवल्या, दार ओढून घेतलं आणि सावकाश रस्त्याला लागली.