शेवटच्या पंगतीचा नियम

वेबसाइट बिघडली की लोक आधी इंटरनेटला शिव्या देतात. भूपेशनेही तेच केलं. गिरधरकाकांचा हा मुलगा आमच्या शहाद्याच्या शेतमाल संस्थेची साइट सांभाळतो आणि अडलं की मला, त्याच्या चुलत बहिणीला, बोलावतो. माझं पोट याच कामावर आहे, आणि अजून एकही सर्व्हर मला भारी पडलेला नाही.

संस्थेच्या वेबपत्त्याआधी तिच्यातल्या एखाद्या बचत गटाचं नाव जोडलं की त्या गटाचं स्वतःचं पान उघडावं, ही सोय मीच केली होती. आता कुठलंही नाव टाका, संस्थेचंच पान यायचं, अध्यक्ष गिरधरकाकांच्या फेट्यातल्या फोटोसकट. अक्कलकुव्याकडच्या सुंदरबाईंच्या गटाचं आमचूर सुरतचा व्यापारी बारा वाजता पानावर बघणार होता. पसंत पडलं तर वर्षभराचा माल तोच उचलणार होता. सुंदरबाई सकाळपासून ऑफिसात बसून होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

मी नियमांची फाइल उघडली आणि हसूच आलं. सर्व्हर नियम वरून खाली वाचतो आणि लागू पडणारा पहिला सापडला की थांबतो. ‘कोणतंही नाव आलं तरी संस्थेच्या पानावर न्या’ हा नियम ज्यांचं पानच नाही अशा नावांसाठी मी मुद्दाम तळाशी ठेवला होता. तो आता सगळ्यांच्या डोक्यावर बसला होता. भूपेशने कबूल केलं, संस्थेची ओळ शेवटी दिसली म्हणून काकांनीच ती वर घ्यायला लावली होती.

गुपचूप खाली नेता आली असती, पण काकांनी उद्या पुन्हा वर चढवली असती. म्हणून त्यांना बोलावून समजावलं.

“बापनं नाव पोरेसना खाले?” काकांनी विचारलं.

“काका, आपली रोहिणीना लगीनमा तुम्ही कवय जेवनात?”

मुलीच्या लग्नात आपण कधी जेवलो ते काकांनी आठवून सांगितलं. “सगयासना मांगे. मी यजमान व्हतु.”

“हाई ओळ बी यजमाननी शे. आधी पाहुणा जेवू द्या.”

काकांनी भूपेशला मानेनेच खूण केली. ओळ तळाशी गेली. पावणेबाराला सुंदरबाईंचं पान उघडलं: वाळत घातलेल्या कैरीच्या फोडी आणि शेजारी त्या. साडेबाराला व्यापाऱ्याचा फोन आला, माल पाठवा.

मग चहा आला. आमच्या ऑफिसात पहिला कप काकांचा असतो. तो त्यांनी सुंदरबाईंपुढे ठेवला आणि सगळ्यांचं होईस्तोवर थांबले. उरलेला चहा गार झाला होता. माझ्याकडे रागाने बघत त्यांनी तो पूर्ण प्यायला.