न नेलेलं पाकीट

सभागृहाच्या खिडकीवर शिंपीकाकाच्या स्कॅनच्या दोन फिल्मा चिकटवल्या होत्या आणि माणसं त्यांना चक्क हात जोडत होती. एका फिल्ममध्ये स्वादुपिंड सुजून जाडजूड, दुसरीत अगदी सडपातळ. शेजारी शिंपीकाका डोळे पुसत सांगत होता, "कॅन्सर होता हो मला! बाबांच्या पुडीने तीन आठवड्यांत विरघळला!"

"आमच्या पुडीपुढे यंत्रं लाजतात," पुडीबाबा म्हणाले. पुरावा मात्र त्याच लाजऱ्या यंत्राने दिला होता, हे कोणाच्या लक्षात येईना.

स्कॅन केंद्रात ते यंत्र चालवणारी बाई दारात उभी होती. दोन्ही फिल्मा तिनेच काढलेल्या. हातात तिसरी होती, तिच्या दादाची.

चार महिन्यांपूर्वी दादाच्या स्वादुपिंडात छोटी गाठ निघाली. सर्जन म्हणाले, आत्ता कापली तर सुटाल. पण दादाने खिडकीतल्या फिल्मा पाहिल्या आणि ऑपरेशनची तारीख सोडली. "तुझ्याच यंत्राचे फोटो ना? मग ते खोटे कसे?" पुडीने त्याला भूक लागली, चेहरा भरला, तेव्हा तिनेही ऑपरेशनचा आग्रह सोडला. परवाच्या फिल्ममध्ये गाठ यकृतात पोचली होती, आता कापून उपयोग नव्हता.

त्याच दिवशी तिने न नेलेल्या रिपोर्टांचा खण उपसला. शिंपीकाकाचं पाकीट तळाशी होतं. 'कर्करोगाची शंका' एवढं ऐकून काका रक्त देऊन जो पळाला, तो पुढच्या तपासण्यांचा निकाल न्यायला आलाच नव्हता. नंतर दुसरी फिल्म काढायला आला, तेव्हा पाकीट द्यायचं तिच्याकडूनच राहून गेलं.

"काका, तुम्हाला कॅन्सर नव्हताच," ती म्हणाली आणि दादाची फिल्म खिडकीवर धरली. "तुमच्या पहिल्या फिल्ममध्ये अख्खं स्वादुपिंड सुजलंय, भोवती पातळ कड आहे, आतली नळी लांबवर बारीक झालीय. शरीरच स्वतःच्या अवयवावर उलटलं होतं. रक्ततपासणीनेही तेच सांगितलं. दादाची बघा. एकाच जागी गाठ, आणि तिच्यामागे नळी तुंबून फुगलेली. पुडी मी तपासून घेतली. स्टेरॉइड आहे त्यात. तुमची सूज त्याने उतरते, डॉक्टरांनीही तेच दिलं असतं. कॅन्सर त्याने जात नाही, नुसती भूक लागते."

"तुझ्या भावाची श्रद्धा कमी पडली!" बाबा गरजले.

"कमी? ऑपरेशनची तारीख वाहिली त्याने तुमच्या पायावर!"

शिंपीकाकाने आपल्या फिल्मा उतरवल्या. "माझ्यामुळे, पोरी..."

"पाकीट माझ्या खणात होतं, काका."

घरी दादाने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे शिंपी खरंच बरा आहे?"

"हो."

"बरं झालं. आता माझं ऑपरेशन?"

तिने मान हलवली. नाही.

दादाने तिच्या हातात पेन दिलं आणि म्हणाला, "कागद घे. तुमच्या केंद्राच्या दारावर लावायला. लिही, दुसऱ्याची फिल्म पाहून स्वतःचा इलाज सोडू नका. मी सोडला. शंका आली तर पूर्ण तपासून घ्या, डॉक्टरांना विचारा. आणि रिपोर्ट घेऊन जा."

खाली त्याने सही केली. सही वाकडी आली, म्हणून पुन्हा केली. मग मात्र तिला रडू आवरेना.