पांढऱ्या वाडग्यातला मासा

कापडाच्या बंद पडलेल्या गोदामात सकाळपासून मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढे पाटावर मासेमहाराज. त्यांच्या एका हाताला काळा रांजण, दुसऱ्या हाताला एनॅमलचा पांढरा वाडगा. महाराज रांजणातून वीतभर काळसर मासा काढून वाडग्यात सोडत. रोग्याने समोरच्या खुर्चीवर बसून वाडग्याला दोन्ही तळवे लावायचे आणि डोळे मिटायचे. दहा मिनिटांत मासा पांढराफटक पडे आणि गोदामभर हात जोडले जात.

"प्यायला," महाराज सांगत. "तुमचा रोग प्यायला बिचारा."

मग मासा परत रांजणात, कारण रोग काळोखात विरघळतो. रोग्याने मात्र घरी जाऊन औषधं बंद करायची, कारण औषधाने माशाचा अपमान होतो. माशाला इतका मानापमान असतो, हे थोरलीला एकतीस वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं.

थोरली मत्स्यबीज केंद्रातून निवृत्त झालेली. आज ती धाकट्या बहिणीसोबत रांगेत होती. धाकटीला वीस वर्षांचा मधुमेह. पाच दिवसांपूर्वी तिचा रोग मासा प्यायला आणि तिने इन्सुलिन बंद केलं. तेव्हापासून घसा कोरडा, सारखी तहान, दोन पावलं टाकली की धाप. आज सुई घेतली नाहीत तर हॉस्पिटलही उपयोगाचं नाही, असं डॉक्टर सकाळीच तोंडावर बोलले होते. धाकटीचं एकच पालुपद, "ताई, रोग बाहेर पडतोय. त्रास व्हायचाच. उरलेला रोग मासा पुढच्या खेपेला पिईल." चार दिवस थोरलीने समजावलं, रागावली, पाया पडायचंही बाकी ठेवलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

काल धाकटीने पांढऱ्या वाडग्याचं वर्णन केलं आणि थोरलीला आपलं पहिलं वर्ष आठवलं. साहेब तपासणीला येणार म्हणून तिने हौसेने नवी पांढरी भांडी काढली होती आणि बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, त्यांत सोडली होती. बघता बघता सगळी फिकी पडली. साथ आली असं समजून तिने दोन हजार पिल्लं खड्ड्यात पुरली. हौदावरचे म्हातारे काका नंतर एवढंच म्हणाले, "पोरी, काळ्या भांड्यात घालून बघायचंस की." इतक्या वर्षांनीही तो खड्डा तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. म्हणून आज तिच्या पिशवीत काळं घमेलं होतं.

रांगेत बसून तिने आणखी दोन गोष्टी टिपल्या. वाडग्यात पाणी ओतायच्या तांब्याला बाहेरून घाम सुटलेला होता, म्हणजे पाणी बर्फाचं. आणि शेपटीला खाच असलेला एकच मासा तासाभरात तीन रोग प्यायला होता.

धाकटीचा नंबर आला तशी थोरली उठली. "महाराज, आधी मासा सोडून वाडगा या रिकाम्या खुर्चीवर ठेवा. कुणी हात लावायचा नाही."

लोकांना गंमत वाटली, त्यामुळे महाराजांना नाही म्हणता येईना. दहा मिनिटांत मासा पांढरा.

"खुर्चीला काय झालंय?" थोरलीने विचारलं.

कुणीतरी हसलं. महाराज हसले नाहीत. "माई, या खुर्चीवर सकाळपासून वीस रोगी बसलेत."

आणि लोकांनी माना डोलावल्या. थोरलीला वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं. पण धाकटीने वाडगा हातात घेतला होता. त्यातला मासा फिका पडत होता, कल्ले भराभर उघडमिट करत होता.

तो पांढरा झाल्यावर थोरलीने घमेल्यात रांजणातलंच पाणी घेतलं, मासा अलगद त्यात सोडला आणि धाकटीचे तळवे घमेल्याला लावले. महाराज म्हणाले, विधी मोडला. थोरली म्हणाली, थांबा.

गोदाम वाकून बघू लागलं. मासा हळूहळू काळसर होत गेला. हात धाकटीचेच होते.

"ताई, रोग परत आला!" धाकटीने दचकून हात मागे घेतले.

"आला नाही आणि गेलाही नव्हता," थोरली म्हणाली. आवाज चढला होता, तो तिने आवरला नाही. "मासा घाबरला की त्याच्या कातडीतले काळे कण आक्रसतात. हाताने पकडलं, बर्फाच्या पाण्यात टाकलं की श्वास वाढतो, रंग उडतो. खाली पांढरं बूड असलं तर आणखी फिका. काळ्या भांड्यात निवांत ठेवला की पुन्हा काळा. तो तुझा रोग पीत नाही गं, जीव मुठीत धरून बसलाय."

महाराजांनी डोळे मिटून घेतले आणि मासा अश्रद्धांसमोर पीत नाही, असं जाहीर केलं. पाच-सहा जण उठले. बाकीचे बसून राहिले. एक बाई तर थोरलीला म्हणाली, "तुमचं झालं असेल तर सरका, आमचा नंबर आहे."

थोरली सरकली नाही. "बसा हवं तर," ती म्हणाली, "पण औषध टाकायच्या आधी एकच विचारा. मी वाडग्याला हात लावला नसता, तरी हेच झालं असतं का? एवढं विचारायला शिक्षण लागत नाही, एक रिकामी खुर्ची लागते."

बाई बसूनच राहिली.

धाकटी मात्र घमेल्यापाशी वाकली होती. आतल्या माशाच्या शेपटीची खाच तिने आता ओळखली. पाच दिवसांपूर्वी हाच मासा तिच्या वाटणीला आला होता.

"ताई," ती धापा टाकत म्हणाली, "माझी सुई फ्रिजमध्येच आहे. टाकली नव्हती मी."

थोरलीने तिला दंडाला धरून उठवलं. "मग चल. आधी डॉक्टरांकडे."