नदीपलीकडे गेलेली टेकडी

माझ्या उजव्या कडेला एक भेग आहे. तिची लांबी अकरा मिलिमीटर आणि रुंदी केसाएवढी. हवा कोरडी असली की ती किंचित उघडते, दमट असली की मिटते. बाकी माझी प्रकृती उत्तम आहे. मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठसा आहे. हाताने केलेल्या भेटकार्डांवर या गावाचे चित्र उमटवणे हे माझे काम.

एका वठलेल्या फळझाडाच्या खोडातून मी निघालो. गावातल्या एका कोरक्याने मला दोन वर्षे सावलीत वाळवले, घासून गुळगुळीत केले आणि माझ्या एका बाजूवर गाव कोरले. कागदावर ते असे उमटते: मध्ये तीन कमानींचा पूल, डावीकडे टेकडी, उजवीकडे घड्याळाचा मनोरा. ठशावर सगळे उलटे कोरावे लागते. कागदावर डावीकडे हवी असलेली टेकडी माझ्या अंगावर उजवीकडे असते. तो रुळाने मला शाई लावायचा, वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने सावकाश घासायचा. मग कागद एका कोपऱ्यातून सोलून काढायचा. गाव सोडून गेलेल्या लोकांनी ती कार्डे भिंतीवर लावली. माझे फार कौतुक झाले.

कोरक्याला दोन मुली होत्या. एके दिवशी त्याने दोघींच्या हातात एकेक कोरणी दिली आणि लाकडाचे टाकाऊ तुकडे दिले. थोरली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, धाकटी दहा. दहा मिनिटांनी त्याने दोन्ही तुकडे पाहिले आणि धाकटीचा हात जड आहे, तिने कागदाच्या घड्या घालाव्यात, असे सांगून टाकले. पुढे कोरक्या वारला, पण त्याचा तो निकाल काही बदलला नाही. धाकटी बेचाळीस वर्षे घड्या घालत राहिली.

थोरलीचा हात खरोखरच सुरेख होता. मी खोटे बोलणार नाही. पण तिची जीभ कोरणीपेक्षा बारीक कापायची. गिऱ्हाईक आले की ती धाकटीकडे बोट दाखवून म्हणायची, "ही आमची घडीवाली. सरळ रेषेपलीकडे हिला काही झेपत नाही." गिऱ्हाईक हसायचे. धाकटीही हसायची.

थोरली बाजाराला गेली की धाकटी तिच्या कोरण्या घ्यायची. उरलेल्या तुकड्यांवर ती पुलाची एखादी कमान, टेकडीवरचे एखादे झुडूप कोरायची आणि तुकडा कागदाच्या गठ्ठ्यामागे ठेवायची. ते तुकडे माझ्या शेजारीच असायचे. तिचा हात जड नव्हता. एकदा थोरलीला असे सात तुकडे सापडले. तिने एकेक उजेडात धरून पाहिला आणि सगळे शेगडीत घातले. संध्याकाळी जेवताना एवढेच म्हणाली, "लाकूड चांगलं वाळलेलं होतं. पटकन पेटलं." त्या दिवसापासून एक वाक्य धाकटीच्या ओठांपर्यंत यायचे आणि परत जायचे.

पुढे थोरलीचे डोळे अधू होत गेले. रेषा भरकटू लागल्या. थोरली ठपका कागदावर ठेवायची, शाईवर ठेवायची आणि उरलेला धाकटीवर. धाकटीला खरे कारण ठाऊक होते. ते तिने कधी बोलून दाखवले नाही. मित्रांनो, मला वाटायचे, ती दयेपोटी बोलत नाही. पुढे माझा गैरसमज दूर झाला.

गावात नवा पूल झाला आणि पालिकेने उद्घाटनासाठी तीनशे कार्डे मागवली. थोरलीने मला उलटे केले. माझी दुसरी बाजू इतकी वर्षे कोरी होती. थोरलीने काहीतरी निमित्त काढून धाकटीलाच नदीकाठी पाठवले होते, आणि तिने तिथे बसून पातळ कागदावर नवा पूल, टेकडी आणि मनोरा रेखाटून आणला होता. असा कागद पालथा घालून लाकडावर गिरवायचा असतो, म्हणजे चित्र आपोआप उलटते. पण पातळ कागदावरची रेघ दोन्हीकडून सारखीच दिसते. थोरलीने कागद उताणा ठेवला आणि कोरायला घेतले. हात-दीड हातावर धाकटी बसली होती. तिने पाहिले. तिची बोटे घडीवर थांबली. मग बोटे पुन्हा घड्या घालू लागली.

माझ्या अंगावर नऊ दिवस चुकीचे गाव कोरले जात होते. मला बोलता येत नाही. तिला येत होते.

कार्डे छापली गेली, घड्या पडल्या, गठ्ठे पालिकेत गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. कारकुनाने कार्ड नदी दिसणाऱ्या खिडकीशी धरले होते म्हणे, आणि टेकडी नदीपलीकडे कोणी नेली, मजूर किती लागले, असे विचारून सगळ्या कचेरीला हसवले होते. थोरलीने धाकटीला पुढे घालून तिथे नेले. चित्र हिनेच चुकीचे काढले, असे सांगितले आणि तिला सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. धाकटीने मागितली. आवाज जराही न हलता.

मित्रांनो, आम्हा ठशांना उन्हात टाकू नका, ओलीत ठेवू नका, काम झाल्यावर तेलाच्या फडक्याने पुसा. एवढे केलेत तरी आम्ही शंभर वर्षे टिकतो. आणि शेजारी बसलेल्या माणसाचे चुकताना दिसले, तर पहिल्याच दिवशी सांगा. लाकूड एकदा गेले की परत भरून येत नाही.

घरी आल्यावर थोरलीने कार्डांचा गठ्ठा टेबलावर आदळला. "बाबा उगीच नाही म्हणाले. तुझ्या हाताला रेषाच कळत नाही."

धाकटीने तो पातळ कागद काढून तिच्यापुढे ठेवला. "ताई, कोपऱ्यात काय लिहिलंय, वाच."

थोरलीने कागद जवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला. "मला वाचायची गरज नाही."

"ही बाजू खाली, असं लिहिलंय. बोटभर मोठ्या अक्षरांत. तू उताणा ठेवलास ते मी पाहिलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"एखादी गोष्ट चांगली वाळलेली असली की पटकन पेटते, तूच सांगितलंस. मी वाळायची वाट बघत होते."

थोरलीचा हात टेबलावर चाचपडत कोरण्यांकडे गेला. धाकटीने त्या आधीच उचलल्या होत्या. तिने मला दिव्याखाली ओढले, खुर्ची सरकवून उजेडात घेतली आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा बहिणीसमोर ठेवला.

"आजपासून मी कोरणार, ताई. तू घड्या घाल."