संघर्षचं अक्षर

बारावीच्या निरोप समारंभात वर्गाचं गमतीचं ‘मृत्युपत्र’ हर्षदा वाचत होती. जाताना आपलं काय कुणाला देऊन जाणार, ते प्रत्येकानं महिन्यापूर्वीच चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकलं होतं; त्या चिठ्ठ्या आधी चाळायचा तिनं कंटाळा केला होता. पूनमनं इतिहासाच्या तासाची झोप मुख्याध्यापकांना दिली, तेव्हा सगळे खदाखदा हसले. पुढची चिठ्ठी मोत्यासारख्या अक्षरातली होती. हर्षदा त्याच झोकात वाचून गेली, "माझं अक्षर मी शेळके सरांना देतो. त्यांचं फळ्यावरचं कुणालाच लागत न्हाई. - संघर्ष."

कुणीच हसलं नाही. गेल्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशीच्या कामावर, कारेगावच्या कारखान्यात, प्रेस मशीननं संघर्षच्या उजव्या हाताची चार बोटं खाल्ली होती. हर्षदानं चिठ्ठी घाईघाईनं दुमडली.

संघर्ष उठला. बँडेजचा हात पोटाशी धरून म्हणाला, "घ्या की सर. वाया कशाला जायला पायजे?"